चार रेषांवरचे आकडे

घरात तबला आला, सतार आली, पेटी आली, तर त्या वाद्याविषयी काय विचारावे हे वडीलधाऱ्यांना ठाऊक असते. बास गिटार आली म्हणजे मात्र थोडी पंचाईत होते. महाविद्यालयात जाणारी मुलगी खोलीचे दार लोटून तासभर काही वाजवीत बसते आणि बाहेर ऐकू येतो तो केवळ एक खोल, दबका ‘धुम् धुम्’ असा नाद. तिच्यासमोर एक कागद असतो. त्यावर चार आडव्या रेषा आणि रेषांवर ठिकठिकाणी आकडे. हे एक प्रसिद्ध रॉक गाणे आहे असे ती सांगते. आई दाराशी उभी राहून कान देते. गाणे काही ओळखू येत नाही. आणि खरे सांगायचे तर पहिल्या महिन्यात ते त्या मुलीलाही ओळखू येत नाही. आकडा चुकत नाही, तार चुकत नाही, बोट चुकत नाही. तरीही गाणे उभे राहत नाही. पुष्कळ शिकणारे याच टप्प्यावर वाद्य भिंतीला टेकवून ठेवतात आणि ‘आपल्याला कान नाही’ असा निकाल स्वतःविरुद्ध देऊन मोकळे होतात. हा निकाल बहुधा अन्यायाचा असतो. उणीव कानात नसून कागदात असते.

तो कागद म्हणजे टॅब्लेचर. शिकणारे त्याला नुसते ‘टॅब’ म्हणतात. त्याची रीत पाच मिनिटांत समजण्याजोगी आहे आणि तेच त्याचे मोठे बळ आहे. बास गिटारला सामान्यतः चार तारा असतात. जाडीकडून बारीकीकडे त्यांची नावे ई, ए, डी आणि जी. टॅबमधील प्रत्येक रेषा म्हणजे एक तार. सतारीच्या दांडीवर जसे पडदे असतात तशा या वाद्याच्या दांडीवर धातूच्या आडव्या पट्ट्या बसविलेल्या असतात; त्यांना फ्रेट म्हणतात. रेषेवर ३ लिहिले असेल तर त्या तारेवर तिसऱ्या फ्रेटशी बोट ठेवावे. ० लिहिले असेल तर तार मोकळी छेडावी. एवढेच. सुरांची नावे नकोत, पाश्चात्त्य स्वरलेखनातील पाच ओळींचे व्याकरण नको. ज्याने आयुष्यात कधी वाद्य हाती धरले नाही, त्यालाही पहिल्याच संध्याकाळी योग्य जागी बोट ठेवता येते.

आरंभी एक गोंधळ मात्र जवळजवळ प्रत्येकाचा होतो. वाद्य मांडीवर घेऊन खाली पाहिले की सर्वांत जाड तार डोळ्यांना सर्वांत जवळ, म्हणजे वरच्या बाजूस दिसते. कागदावर तीच तार सर्वांत खालच्या रेषेवर असते. उंच सूर वर आणि खालचा सूर खाली, असा तो संकेत आहे. हाताच्या दृष्टीने उलटा, कानाच्या दृष्टीने सरळ. आठवडाभरात तो अंगवळणी पडतो.

घरात पेटी वाजविणारे आजोबा असतील तर त्यांना या लेखनपद्धतीचे नवल वाटू नये. ‘काळी एक’, ‘पांढरी पाच’ असे आपण म्हणतो तेव्हा सुराचे नाव घेत नसून पेटीवरील जागेचेच नाव घेत असतो. गायकाला काळी एकची पट्टी हवी म्हटले की बोट कोठे जावे हे कळते. टॅबचे प्रत्येक अक्षर असे आहे. ते जागा सांगते.

जागा सांगणारा आकडा लिहिता येतो, कारण वाद्यावर जागा नेमक्या ठरलेल्या आहेत. पूर्वी वाद्यवृंदातील खर्जाचे काम उभ्या, माणसाएवढ्या उंचीच्या डबल बासकडे असे. त्याच्या दांडीवर पडदे नसत. सूर कानाने शोधावा लागे. १९५१ साली अमेरिकेत लिओ फेंडर यांनी फ्रेट असलेली, गळ्यात अडकवून वाजविता येणारी विजेची बास बाजारात आणली आणि तिचे नाव ठेवले ‘प्रिसिजन’, म्हणजे अचूकता. त्याआधी १९३० च्या दशकात पॉल टटमार्क यांनीही असे वाद्य घडविले होते. पण प्रसार झाला तो फेंडर यांच्या वाद्याचा. तारेची कंप पावणारी लांबी त्यांनी ३४ इंच, म्हणजे सुमारे ८६ सेंटिमीटर ठेवली आणि आजही तेच प्रमाण रूढ आहे. त्यामुळे पहिल्या फ्रेटची जागा जवळजवळ पावणेपाच सेंटिमीटर रुंद असते. लहान हाताच्या मुलामुलींना ती प्रथम अशक्य वाटते. चार बोटे चार फ्रेटवर ताणण्याचा हट्ट धरू नये. खालच्या भागात अनामिका आणि करंगळी मिळून एकच बोट समजून वाजविणे ही डबल बास वाजविणाऱ्यांची जुनी रीत आहे, आणि ती मनगटाला जपते.

या मासिकाच्या वाचकांच्या मनात येऊ शकेल असा एक प्रश्न येथेच निकालात काढणे बरे. जुन्या तंतुवाद्यांच्या तारा मेंढीच्या आतड्यापासून होत. बास गिटारच्या रूढ तारा पोलादी गाभ्यावर धातूचीच बारीक तार गुंडाळून केलेल्या असतात, त्यामुळे तेथे अडचण नाही. मात्र दांडीच्या टोकाशी तारा ज्या खाचांतून जातात ती लहानशी पट्टी काही वाद्यांत हाडाची असते. पुष्कळ वाद्यांत ती कृत्रिम पदार्थाची मिळते. घेताना विचारावे. खांद्याचा पट्टा चामड्याऐवजी सुती किंवा नायलॉनचा सहज मिळतो.

आता मूळ दोषाकडे वळावे. टॅब ही काही संगणकाच्या काळातील युक्ती नव्हे. १५०७ साली व्हेनिस येथे ओत्ताव्हियानो पेत्रुच्ची या मुद्रकाने फ्रान्चेस्को स्पिनाचिनो यांच्या ल्यूट-वादनाची पुस्तके छापली, ती टॅबमध्येच. ल्यूट हे त्या काळचे पडद्यांचे तंतुवाद्य. त्या इटालियन पद्धतीत खर्जाची तार सर्वांत वरच्या रेषेवर लिहीत, म्हणजे आज नवशिक्याला जी मांडणी स्वाभाविक वाटते तीच. पण खरी ध्यानात घेण्याजोगी गोष्ट निराळी. त्या छापील टॅबमध्ये रेषांच्या वर काळाच्या खुणा असत. उभ्या लहान दांड्या आणि त्यांना जोडलेल्या पताका पाहून वादकाला कळे की हा सूर किती वेळ टिकवायचा, पुढचा कधी घ्यायचा. पाचशे वर्षांपूर्वीची टॅब जागा आणि काळ दोन्ही सांगत होती.

विसाव्या शतकाच्या अखेरीस हौशी वादक संगणकावर टॅब टंकलिखित करून एकमेकांना पाठवू लागले. टंकलेखनाच्या कळफलकावर आकडे होते आणि आडवी छोटी रेघ होती, पताका नव्हत्या. रेघांची माळ ओढून तार दाखविली, मध्ये आकडे पेरले आणि काम भागविले. या व्यवहारात काळ गळून पडला. दोन आकड्यांमध्ये किती रेघा आहेत त्यावरून अंतराचा अंदाज बांधावा, अशी अपेक्षा असते. परंतु लिहिणारा तेथे काटेकोर असेलच असे नाही. टॅबवरून गाणे शिकणाऱ्या जगभरच्या मुलामुलींच्या हाती आजही बहुतांशी हाच काळहीन कागद पडतो.

मराठी घरातील मुलाला यातील उणीव एका तुलनेने चटकन समजावी. विष्णू नारायण भातखंडे यांच्या स्वरलिपीत बंदिश लिहिलेली ज्याने पाहिली असेल, त्याला आडवी रेघ आणि शून्य या दोन्ही खुणा परिचित असतात. तेथे स्वरापुढची आडवी रेघ म्हणजे तो स्वर आणखी एक मात्रा लांबवावा. तेथे शून्य म्हणजे खाली. दोन्ही खुणा काळाच्या आहेत. टॅबमध्येही नेमक्या याच दोन खुणा सर्वाधिक दिसतात. पण तेथे आडवी रेघ म्हणजे नुसती तार, आणि शून्य म्हणजे मोकळी तार. दोन्ही खुणा जागेच्या. दिसायला सारखे असलेले हे दोन कागद परस्परांना पूरक आहेत, आणि एकाच्या सवयीने दुसरा वाचू गेल्यास फसगत ठरलेली.

ही उणीव सर्वच वाद्यांना जाचते; पण बासला ती मुळावर येते. सतार किंवा बासरी पुढे होऊन धून सांगते, म्हणून काळ थोडा हलला तरी धून ओळखू येते. रॉक संगीतात बासचे काम धून सांगण्याचे नसते. ती ड्रमवादकाशी जोडी जमवून गाण्याला खालून तोलून धरते. आपल्याकडे तबल्याचा डग्गा आणि तंबोऱ्याचा खर्ज ही दोन कामे जर एकाच हाताने करायची असती तर जे झाले असते, काहीसे तसे. तिच्यातून काळ वजा केला तर मागे फारसे काही उरत नाही. दाराशी उभ्या असलेल्या आईला गाणे का ओळखू येत नाही, याचे उत्तर एवढेच आहे.

दोन प्रसिद्ध गाणी शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. आयर्लंडच्या ‘यू टू’ या वाद्यवृंदाचे १९८७ चे ‘विथ ऑर विदाउट यू’ आणि इंग्लंडच्या ‘क्वीन’चे १९८० चे ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’. दोहोंची गती जवळजवळ एकच, मिनिटाला सुमारे ११० ठोके. दोहोंतही बासचे मुख्य सूर मोजकेच. यू टूच्या अ‍ॅडम क्लेटन यांनी वाजविलेल्या ओळीत चार सूर आहेत. डी हा षड्ज मानला तर षड्ज, पंचम, शुद्ध धैवत आणि मध्यम. प्रत्येक सुरावर आठ समान ठोके, मग पुढचा सूर, आणि हेच आवर्तन गाणेभर. कागदावर ते इतके सोपे दिसते की शिकणारा पहिल्या दिवशीच ‘आले’ म्हणतो. मिनिटाला २२० ठोके, पाच मिनिटांच्या आसपास, एकही पुढे न धावता आणि एकही मागे न रेंगाळता वाजविणे म्हणजे काय हे त्याला तिसऱ्या मिनिटाला कळते. तर्जनी थकते, मध्यमेचा ठोका हलका पडतो, आणि दोन बोटांच्या आवाजातील फरक लंगड्या चालीसारखा ऐकू येऊ लागतो.

क्वीनच्या गाण्याची गोष्ट याच्या अगदी उलट. त्याचे रचनाकार खुद्द बासवादक जॉन डीकन. मुख्य आवर्तनात तीनच सूर. आरंभी एकाच सुराचे तीन तुटक ठोके आणि मग मोकळी जागा. हे गाणे त्या मोकळ्या जागेवर उभे आहे. टॅबमध्ये तेथे काय दिसते? तीन शून्ये आणि पुढे काही रेघा. नवशिक्या तीन वेळा मोकळी तार छेडतो आणि तार तशीच घुमत राहते, कारण थांबवा असे कागदाने सांगितलेलेच नाही. दाबलेल्या तारेचा नाद बोट किंचित उचलले की थांबतो. मोकळ्या तारेला तर कोणाचे बोटच नसते. ती मुद्दाम हात टेकवून गप्प करावी लागते. म्हणजे टॅबमध्ये जो आकडा सर्वांत सोपा, तो शून्य, तोच येथे सर्वांत अवघड होतो. छेडणे पाव भाग, थांबविणे पाऊण भाग, असे म्हटले तरी चालेल.

यावर उपाय अर्थातच आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत. वाद्य हाती न घेता गाणे दहा वेळा ऐकावे आणि टाळी देत मोजावे. मात्र ते फोनच्या इवल्याशा ध्वनिक्षेपकावर ऐकू नये. बासची सर्वांत खालची मोकळी तार सेकंदाला सुमारे ४१ कंपने देते. पुरुषी तंबोऱ्याच्या खर्जाच्याही ती खाली आहे, आणि असा सूर त्या लहान चकतीला पेलत नाही. कित्येक मुले जी ओळ शिकू पाहतात ती त्यांनी धड ऐकलेलीच नसते. बरे हेडफोन लावावेत. मग ‘एक-आणि-दोन-आणि-तीन-आणि-चार-आणि’ असे तोंडाने म्हणत कोणता आकडा कोणत्या शब्दावर येतो ते शोधावे, आणि टॅबच्या वर पेन्सिलीने तो शब्द लिहावा. दर चार मात्रांनंतर एक उभी रेघ ओढावी, बंदिशीत विभाग पाडतो तशी. हे काम संथ आहे, एका गाण्याला दोन-तीन संध्याकाळी लागतात; पण पाचशे वर्षांपूर्वी रेषांवर ज्या पताका होत्या त्याच यातून परत जागी बसतात. ‘गिटार प्रो’सारख्या संगणकीय प्रणालींत काळासह लिहिलेली टॅब मिळते आणि ती वाजवूनही दाखविते, हे खरे. तरी पहिली चार-पाच गाणी पेन्सिलीने करावीत. जे स्वतः मोजून लिहिले ते हातात उतरते. मग मेट्रोनोम मिनिटाला ६० वर लावून सुरुवात करावी आणि चुकल्याशिवाय सलग चार आवर्तने झाली तरच गती वाढवावी.

मोजण्याच्या बाबतीत आपल्या मुलांचा एक फायदा मात्र सांगितला पाहिजे. ‘पिंक फ्लॉइड’चे १९७३ चे ‘मनी’ हे गाणे पाश्चात्त्य विद्यार्थ्यांना चकविते, कारण चारच्या सवयीच्या कानाला त्याचे सातचे आवर्तन दरवेळी एक पायरी गहाळ झाल्यासारखे वाटते. ज्या घरात रूपक ताल कोणी वाजविला आहे, तेथे सात मात्रा ही काही नवलाची गोष्ट नाही. रूपकाचे तीन-दोन-दोन असे विभाग मात्र येथे जसेच्या तसे लावू नयेत, वजन निराळ्या जागी पडते. पण आवर्तन सातावर वळते हे कानाला आधीच मान्य असते. त्या गाण्यात सॅक्सोफोनचा भाग सातातच आहे आणि पुढे गिटारच्या भागात चाल चारावर जाते. ती पालट टॅब दाखवीत नाही. मोजणाऱ्याला ती आपोआप सापडते.

कागदावरील आकडेही डोळे मिटून मानू नयेत. टॅब पुष्कळदा कोणा हौशी वादकाने कानाने ऐकून लिहिलेली असते. एकच सूर बासवर अनेक ठिकाणी मिळतो: जाड तारेवरचा पाचवा फ्रेट आणि शेजारची मोकळी ए तार यांचा सूर एकच, पण पोत वेगळा, पहिला घोटीव, दुसरा उघडा. लिहिणाऱ्याने कोणती जागा निवडली ती त्याची निवड आहे, मूळ वादकाची असेलच असे नाही. कधी आकडे सर्व बरोबर असून ध्वनिमुद्रणाबरोबर काहीच जुळत नाही, तेव्हा स्वतःवर चिडण्यापूर्वी तारा तपासाव्यात. ‘गन्स अँड रोझेस’चे ‘स्वीट चाइल्ड ओ माइन’ हे गाणे सर्व तारा अर्धा सूर उतरवून वाजविलेले आहे. पट्टी बदलली की मेळ बसतो. आणि ‘सेव्हन नेशन आर्मी’ या २००३ च्या गाण्याची जी प्रसिद्ध खालची ओळ जगभरचे नवशिके बासवर प्रथम शिकतात, ती मुळात बासवर वाजविलेलीच नाही. जॅक व्हाइट यांनी ती साध्या गिटारवर, पायाखालच्या उपकरणाने सूर एक सप्तक खाली आणून वाजविली. तिची बास-टॅब म्हणजे दुसऱ्या वाद्याचे भाषांतर होय. शिकायला ती उत्तमच आहे.

टॅबवर विसंबण्याचा खरा फटका बसतो तो घरात नव्हे, चार जणांत. चाळीस गाणी आकड्यांनी पाठ केलेला मुलगा महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात उभा राहतो आणि गाणारी मुलगी म्हणते, ‘अरे, एक सूर खाली घेऊ या, मला वर जात नाही.’ भजनी मंडळातील पेटीवाल्याला हा प्रसंग रोजचा आहे. टॅबवाल्याने प्रत्येक आकड्यातून दोन वजा करायचे. पाचाचे तीन, तिनाचे एक. शून्यातून दोन कसे वजा करणार? जाड तारेच्या मोकळ्या सुराखाली वाद्यच संपलेले असते. आकडा पाठ असणारा तेथे थांबतो. सूर ठाऊक असणारा तोच सूर एक सप्तक वर घेतो, किंवा तार उतरवून डीवर आणतो, आणि गाणे पुढे जाते.

सूर ओळखू येण्यासाठी निराळा अभ्यासक्रम लागत नाही; टॅब वाजवितानाच ते करता येते. बासच्या लगतच्या दोन तारांत शुद्ध मध्यमाचे अंतर असते. जाड तार षड्ज मानली तर तिच्या शेजारची तार मोकळी छेडताच मध्यम बोलतो. त्यामुळे कोणत्याही फ्रेटवर षड्ज धरला की त्याचा पंचम शेजारच्या तारेवर दोन फ्रेट पुढे असतो आणि वरचा षड्ज आणखी एक तार ओलांडून त्याच फ्रेटवर. हा आकार दांडीवर कोठेही सरकविला तरी बदलत नाही. टॅबमध्ये ३, ५, ५ असे तीन रेषांवर चढते आकडे दिसले की ते तीन सुटे आकडे नसून सा-प-सां आहे, हे ज्याला दिसू लागले त्याला पट्टी बदलण्याची भीती उरत नाही. रॉकमधील असंख्य ओळी याच आकाराभोवती फिरतात.

शेजाऱ्यांचाही विचार करावा लागतो. खर्जाचा नाद भिंतीतून आणि जमिनीतून इतर आवाजांपेक्षा दूर जातो. वरच्या मजल्यावरच्या काकूंना गाणे ऐकू येत नाही, पण रात्री त्यांच्या पलंगाला ते जाणवते. हेडफोन जोडता येईल असा लहान अ‍ॅम्प्लिफायर बाजारात मिळतो. संध्याकाळनंतर त्यावरच वाजवावे.

दोन महिन्यांनी त्या खोलीतील कागद हाती घेऊन पाहिला तर तो ओळखू येऊ नये. चार रेषा त्याच, आकडे तेच. पण वर पेन्सिलीने ‘एक-आणि-दोन’ लिहिलेले, मध्ये उभ्या रेघा, दोन ठिकाणी आकडा खोडून दुसरा घातलेला. तिसऱ्या शून्यापुढे एक लहानशी फुली, आणि तिच्याखाली मुलीच्या अक्षरात लिहिलेले: ‘येथे हात ठेवणे.’ दाराबाहेर आईच्या हातातली भाजीची सुरी क्षणभर थांबते. तीन ठोके येतात, मग काहीच नाही, आणि मग पुन्हा तीन ठोके.